कीबोर्डवाल्यानं पॉडकास्ट कसा सुरू करावा

ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला कुठे बसतो ते आठवा. स्टेजच्या एका अंगाला, अर्धा स्पीकरच्या आड. गायक दुसऱ्या कडव्याऐवजी भलतंच उचलतो, निवेदकाचा कागद सापडत नाही, ऑक्टोपॅडवाल्याचा प्लग सैल होतो, आणि दर वेळी मधली मिनिट-दोन मिनिटं कॉर्ड धरून आपणच भरून काढतो. प्रेक्षकांना त्याचा पत्ताही नसतो. पॉडकास्ट चालवणं याच जातीचं काम आहे, फक्त हातांऐवजी तोंडानं करायचं.

मी भांडुपला वन रूम किचनमध्ये राहतो. वीसेक वर्षं गणपती, नवरात्र, हळदी, लग्नं, भजनं वाजवतोय आणि गेली तीन वर्षं मुंबईतल्या वाजवणाऱ्यांवर पॉडकास्ट करतोय. बरोबरीचे दोघे-तिघे वादक आता स्वतःचं काही सुरू करायच्या विचारात आहेत. तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच क्रमानं लिहितो. यंत्रांचा भाग जरा लांबेल, कारण तोंडावर आपटलो तो तिथेच.

आधी माणसं, मग माइक

बहुतेक जण सुरुवात माइक विकत घेण्यापासून करतात. माझं म्हणणं, आधी कागदावर सहा नावं लिहा. ज्यांच्याकडे तुम्ही उद्या चहा प्यायला जाऊ शकता अशी सहा माणसं. सहा होत नसतील तर विषय चुकलाय किंवा घाई होतेय.

‘मुंबईतलं संगीत’ हा काही विषय होत नाही. तो अख्खा भाजीबाजार झाला. एक गल्ली धरा. डबलबारीचे, म्हणजे भजनाच्या सामन्याचे, बुवा आणि त्यांचे पखवाजवाले. गिरगाव-लालबागची बेंजो पथकं. १४ एप्रिलच्या कार्यक्रमांतले भीमगीत गायक. कोळीवाड्यातले बँडवाले. वसईच्या चर्चमधले ऑर्गन वाजवणारे. वाद्यं दुरुस्त करणारे, साउंडवाले, कॉन्ट्रॅक्टर. कामगार चळवळीतल्या लालबावटा कलापथकाचं नाव घेतलं की अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर ही नावं आपल्या तोंडावर असतात. पण त्यांच्या मागे उभं राहून ढोलकी आणि तुणतुणं कोण वाजवत होतं, हे दहा जणांना विचारून बघा. मुंबईत असे ‘मागे उभे राहिलेले’ लोक खच्चून भरलेत आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलू शकेल असा माणूस म्हणजे दुसरा संगतकारच.

आपल्या वाद्याची वाटही काही कमी रंगतदार नाही. संगीत नाटकातला ऑर्गन, भजनातली पेटी, सिनेमातलं ॲकॉर्डियन, आणि मग केरसी लॉर्ड यांच्यासारख्यांनी हिंदी चित्रपटसंगीतात आणलेला सिंथेसायझर. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडावं लागलं. ज्या वाद्याला रेडिओनं तीस वर्षं उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्याच्या नातवंडांनी आता स्वतःचा रेडिओ काढावा, यात मला तरी मजा वाटते. त्यावरच एक भाग होऊ शकतो.

वेळापत्रकाचं म्हणाल तर दर आठवड्याचं वचन देऊ नका. ऑगस्टपासून दिवाळी पहाटपर्यंत आपल्याला झोपायलाही फुरसत नसते. सहा भागांचं एक पर्व करा आणि थांबा. पाहुण्यांना गाठायचा सगळ्यात उत्तम काळ म्हणजे पितृपक्ष. गणपती आटोपलेले, नवरात्र यायचंय, कार्यक्रम नाहीत. एरवी फोन न उचलणारा वादक त्या पंधरवड्यात घरी लुंगीवर बसलेला सापडतो आणि बोलायलाही तयार असतो.

खोली

स्टुडिओ भाड्यानं घेऊ नका, निदान पहिल्या पर्वात तरी नको. घरात सगळ्यात जास्त कपडे जिथे असतात ती जागा निवडा. लोखंडी कपाट उघडं टाकायचं, समोर दोरीवर रजई, खाली सतरंजी, पाठीमागे गादी उभी करून ठेवायची. टाळी वाजवून पाहा. टाळीला शेपूट राहिली की आणखी एक चादर.

आवाजांची यादी करा. फ्रिज, पंखा, शेजारचा कुकर, जिन्यातली मुलं, पाण्याची मोटर. आमच्याकडे पाणी पहाटे येतं, म्हणजे पहाट बाद. दुपारी दोन ते चार ही चाळीतली सगळ्यात शांत वेळ असा माझा अनुभव आहे, तेवढा एक भंगारवाला सोडला तर. फ्रिज बंद करायचा असेल तर गाडीची किंवा घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. किल्लीशिवाय बाहेर पडता येत नाही, त्यामुळे फ्रिज पुन्हा चालू करायची आठवण राहते. पंखा मात्र पाहुण्याला विचारून बंद करा. मे महिन्यात वयस्कर माणसाला घामाघूम करून चांगला आवाज मिळाला तरी चांगलं बोलणं मिळत नाही. पावसाळ्यात पत्र्याखाली रेकॉर्डिंगचा विचारसुद्धा करू नका.

सामान

दोन डायनॅमिक माइक, दोन स्टँड, यूएसबीवर चालणारा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी), कान पूर्ण झाकणारे दोन हेडफोन, तीन-चार केबली. लॅपटॉप कोणाचाही उसना चालेल. वापरलेलं सामान घ्यायला लाजू नका. सॉफ्टवेअरला ऑडॅसिटी फुकट आहे आणि बोलण्याच्या कामाला पुरतं. एका गणपतीची दहा दिवसांची पाकिटं बाजूला ठेवली तर साधा सेट उभा राहतो. केबल आणि कनेक्टर लॅमिंग्टन रोडला, वाद्यांचं सामान बघायला धोबीतलावचं फर्ताडोज. दुकानात जाताना स्वतःची केबल बरोबर न्या, म्हणजे ‘हेच लागेल साहेब’ ऐकावं लागत नाही.

डायनॅमिक माइक का, तर कंडेन्सर फार गुणी असतो आणि सगळं ऐकतो. स्टुडिओत तो गुण, चाळीत तोच अवगुण. स्टेजवर हातोहाती फिरणारा शुअरचा एसएम५८ १९६६ सालचा आहे आणि अजून तोच बाजारात आहे. आपल्या ओळखीच्या साउंडवाल्याकडे एखादा जुना पडलेला असतोच. दोन दिवसांसाठी मागून घ्या.

जोडणी

आपण कीबोर्डवाले इथे जरा जास्तच आत्मविश्वासानं उतरतो. रोज जॅक घुसवतो, त्यात काय एवढं. पण स्टेजवर आपल्या पुढे साउंडवाला बसलेला असतो, आणि आपल्या निम्म्या चुका तो निमूटपणे निस्तरत असतो.

कीबोर्डला मागे डावा आणि उजवा असे दोन आउट असतील आणि तुम्हाला एकच चॅनेल द्यायचा असेल, तर जॅक ‘एल/मोनो’ लिहिलेल्या भोकातच लावा. तिथे दोन्ही बाजू एकत्र होऊन येतात. उजव्यात लावलात तर अर्धाच आवाज येईल. घरगुती कीबोर्डला बहुधा नुसता हेडफोनचा आउट असतो, आणि तिथे एक सापळा आहे. हेडफोनच्या भोकातून दोन रिंगांचा स्टीरिओ जॅक काढून तो सरळ इंटरफेसच्या एका बॅलन्स्ड इनपुटला लावला, की इंटरफेस डाव्यातून उजवं वजा करतो. जे दोन्हीकडे सारखं आहे ते नाहीसं होतं. पियानो पोकळ होतो, बेस गायब होतो, नुसता रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, तरंगत राहतो. मी यापायी एक आख्खी संध्याकाळ कीबोर्ड बिघडला असं समजून बसलो होतो. उपाय म्हणजे वाय केबल, एका स्टीरिओ जॅकमधून दोन मोनो जॅक, आणि दोन वेगळे चॅनेल.

कीबोर्डचा व्हॉल्यूम तीन-चतुर्थांशाच्या आसपास ठेवा आणि इंटरफेसवर इनपुट ‘लाइन’ करा, ‘इन्स्ट’ नको. ते गिटारसाठी असतं.

गुणगुण येत असेल तर बहुतेक वेळा दोष विजेचा असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती खर्जातली घूं. जुन्या चाळीत अर्थिंगचा भरवसा नसतो. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. मग सगळे प्लग एकाच बोर्डात लावा. तरीही राहिली तर कीबोर्ड आणि इंटरफेसच्या मध्ये लावायची डबी, म्हणजे डीआय बॉक्स, आणि त्यावरचा अर्थिंग तोडणारा ग्राउंड लिफ्टचा खटका. तो साउंडवाल्याकडे असतो, चहावर मिळतो.

दोन माणसांचे दोन माइक आणि कीबोर्डचे दोन चॅनेल म्हणजे चार इनपुट झाले. दोन इनपुटच्या इंटरफेसवर हे बसत नाही. मी काढलेला मार्ग असा: कीबोर्डचा स्वतःचा स्पीकर अगदी हळू ठेवायचा, पाहुण्याला ऐकू येईल इतपत, आणि यूएसबीनं त्याची मिडी, म्हणजे आवाज नव्हे तर कुठली पट्टी कधी दाबली याची नोंद, लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड करायची. नंतर घरी तीच मिडी परत कीबोर्डमधून वाजवून स्वच्छ आवाज घ्यायचा. टोन आवडला नाही तर बदलताही येतो. यासाठी मात्र मिडी रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर लागतं. ऑडॅसिटीत ते होत नाही, रीपरमध्ये होतं, आणि ते ६० दिवस फुकट वापरून बघता येतं.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. एका माइकचे तासाला सुमारे ५२० एमबी होतात, दोघांचे मिळून एक जीबी. प्रत्येक माइकचा ट्रॅक वेगळा. बोलताना काटा उणे १२ डीबीच्या आसपास नाचला पाहिजे. हसताना वर जाईल, जाऊ दे, पण शून्याला टेकता कामा नये.

माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित तिरका. आपल्या भाषेत महाप्राण अक्षरं ढीगभर, आणि प्रत्येक ‘फ’ आणि ‘भ’ माइकवर फुंकर मारतो. मी पाहुण्याला एक वाक्य म्हणायला लावतो: ‘भाऊनं फलाटावर फडक्यात भरून फणस फिरवला.’ वाक्याला अर्थ नाही, पण माणूस हसतो, आणि ते हसणं लेव्हल लावायला कामी येतं.

आता ती चूक. माझा पहिला पाहुणा म्हणजे आमच्या जुन्या ऑर्केस्ट्रातले ढोलकीवाले काका. वय बहात्तर. दोन जिने चढून आले, दीड तास बोलले. दोन्ही माइक समोर, हेडफोन मात्र मी मिरवायला गळ्यात अडकवलेला. रात्री फाइल उघडली तर आवाज विहिरीतून आल्यासारखा. सॉफ्टवेअरमध्ये इनपुट म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडलेला राहिला होता. दीड तास त्यानं मनापासून स्वतःचा पंखा रेकॉर्ड केला होता.

तेव्हापासून नियम: रेकॉर्ड दाबल्यावर माइकच्या जाळीवर नखानं खरवडायचं. हेडफोनमध्ये खर्र ऐकू आलं तरच पुढे. एक मिनिट रेकॉर्ड करून लगेच ऐकायचं, आणि मगच पाहुण्याला बोलतं करायचं. फोन विमान मोडवर टाकून त्यावरही एक रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, आणि सुरुवातीला एक टाळी वाजवायची, म्हणजे गरज पडल्यास दोन्ही फाइली टाळीवर जुळवता येतात. शेवटी दोघांनी गप्प बसून अर्धं मिनिट खोलीचा नुसता आवाज घ्यायचा. कापलेल्या जागा बुजवायला तो लागतो.

पाहुण्याला बोलतं करणं

‘काका, तुमचा प्रवास सांगा’ असं विचारलं की माणूस सत्काराला उत्तर देतो. आईवडिलांचे आशीर्वाद, गुरूंची कृपा, रसिक मायबाप. त्यात खोटं काही नसतं, पण ते पाठ असतं.

तुमच्याकडे वेगळे प्रश्न आहेत. पहिलं वाद्य कोणाकडून घेतलं आणि पैसे कसे फेडले? अमुक गायिका कुठल्या पट्टीत गायची? रिहर्सल कुठे व्हायची, चहाचे पैसे कोण द्यायचं? शेवटची लोकल चुकली तर रात्र कुठे काढायचात? आणि ध्वनिक्षेपकांना रात्री दहाची मर्यादा घालणारे २००० सालचे नियम आल्यावर रात्रभराच्या कार्यक्रमांचं काय झालं, पाकीट कमी झालं का, हे तर प्रत्येक वादकाला विचारा. उत्तरं ऐकून थक्क व्हाल.

काकांना त्या पहिल्या, वाया गेलेल्या दिवशी मी विचारलं होतं, ‘ढोलकी कुठे लावायचात?’ ते म्हणाले, ‘काळी चार. पण पावसात मध्यंतरापर्यंत उतरून पांढरी पाच व्हायची. तुम्ही कीबोर्डवाले ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळे. आम्ही विंगेत हॅलोजनसमोर ढोलकी शेकत बसायचो, आणि लायटिंगवाला शिव्या घालायचा की माझा दिवा झाकला.’ हे सांगताना त्यांनी ढोलकी कशी फिरवायची ते हातांनी करून दाखवलं, भाकरी शेकावी तशी.

पंधरा दिवसांनी त्यांना पुन्हा बोलावलं. माइक बरोबर, लेव्हल बरोबर. तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, ‘पावसाळ्यात चामडं सैल पडतं, मग ढोलकी उतरते.’ संपलं. हॅलोजन नाही, शिव्या नाहीत. एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा त्याच माणसाला सांगताना माणूस आवरतं घेतो, कारण समोरच्याला ती ठाऊक असते. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी चहाच्या वेळी पाहुण्याशी विषयाचं काही बोलूच नका. पावसाचं बोला, गुडघ्यांचं बोला.

मग मी एक केलं. प्रश्न सोडला आणि कीबोर्डवर एक ठेका लावला, लय जरा ओढलेली. काका दोन आवर्तनं ऐकत राहिले. तिसऱ्याला त्यांची बोटं स्वतःच्या गुडघ्यावर पडायला लागली आणि ती टकटक माइकमध्ये छान आली. ‘हळू आहे हा,’ म्हणाले. ‘बाई अशा लयीला पाय उचलायच्याच नाहीत.’ आणि मग बाई, त्यांचे पाय, त्यांचा खडूस पेटीवाला, सगळं ओळीनं बाहेर आलं. हॅलोजनही आला, वेगळ्या वाटेनं. दुसऱ्या कोणत्या सूत्रधाराजवळ हे हत्यार आहे? कीबोर्ड पाहुण्यासमोर आडवा ठेवू नका, भिंत होते. बाजूला, डाव्या हाताला पोहोचेल असा ठेवा.

बोलण्याखाली पॅड, म्हणजे लांबवलेले मऊ सूर, मात्र वाजवू नका. मोह होतो, मला रोज होतो. माणूस बायकोच्या आजारपणाचं सांगत असताना खाली स्ट्रिंग्ज आल्या की ती टीव्ही मालिका होते.

हक्कांचं प्रकरण

हे कंटाळवाणं आहे, पण वगळू नका. आपण आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी वाजवलीत. स्टेजवरच्या परवानग्या आयोजक बघतो, किंवा बघत नाही. पॉडकास्टचे आयोजक तुम्हीच.

एका गाण्यात हक्कांचे थर असतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, आणि ध्वनिमुद्रण बहुधा कंपनीचं. शब्द आणि चाल यांचा हक्क त्या माणसाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. म्हणजे रेकॉर्ड जुनी म्हणून मोकळी झाली तरी तिच्यातली चाल मोकळी झालेली नसू शकते. ‘मी रेकॉर्ड लावलीच नाही, स्वतः वाजवलं’ याचाही उपयोग नाही, कारण चाल तीच. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण त्यांना श्रीनिवास खळे यांनी लावलेली चाल खळ्यांची. ते २०११ साली गेले, तेव्हा हिशेब २०७१ पर्यंत जातो. ‘पारंपरिक’ म्हणून आपण वाजवतो त्यातली कित्येक गाणी कुणा ना कुणाची असतात. गाठभेट होईल तिथे विचारून घ्या.

‘दहा सेकंद चालतात’, ‘तीस सेकंद चालतात’ ही कट्ट्यावरची अफवा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी सूट कुठेच नाही. टीका किंवा समीक्षेसाठी रास्त वापराची तरतूद आहे, पण ती वकिलानं मांडायची गोष्ट झाली. यूट्यूबसारख्या ठिकाणी गाणी ओळखणारं यंत्र वकिलाला विचारत नाही. रेडिओवाल्यांना ठरावीक दरानं परवाना घ्यायची सोय कायद्याच्या ३१ड कलमात आहे. ती इंटरनेटवरच्या सेवांना लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ साली एका खटल्यात म्हटलं. गीतकार-संगीतकारांच्या बाजूनं आयपीआरएस, १९६९ पासूनची संस्था, आणि ध्वनिमुद्रणांसाठी पीपीएल, दोन्हींची कार्यालयं मुंबईत आहेत. खरोखर गाणी लावायचीच असतील तर तिथे लेखी विचारा.

मी स्वतः एका जुन्या गाण्याचा म्युझिक पीस कीबोर्डवर वाजवून सुरुवातीची धून केली होती. तीन भाग चढवल्यावर एका कंपनीचा दावा आला, आणि तिन्ही भागांची सुरुवात कापून पुन्हा चढवावी लागली. तेव्हापासून धून स्वतःची, आठ सेकंदांची. पाहुण्याला एखाद्या गाण्याची बांधणी समजावून द्यायची असेल तर मी ठेका आणि कॉर्डची जात तीच ठेवतो आणि वर दुसरीच चाल वाजवतो. जाणकाराच्या लगेच ध्यानात येतं, आणि नवख्याला बांधणी जास्त स्पष्ट दिसते, कारण ओळखीची चाल मध्ये लुडबुडत नाही.

पाहुणा गायला किंवा वाजवलं तर कायद्यानं कलाकार म्हणून त्याचेही हक्क आहेत. अर्ध्या पानाचा मराठीतला कागद करा: नाव, तारीख, कोणत्या कामासाठी रेकॉर्ड केलं, कुठे कुठे लावणार, आणि पाहुण्यानं सांगितलं तर काय काढून टाकणार. सही घ्या, एक प्रत त्यांना द्या. पैसे देणार नसाल तर तेही लिहा. वादकाला फुकट वाजवायला लावून ‘एक्स्पोजर’ देतो म्हणणारे आपल्याला भेटलेत, आपण तसं करायचं नाही. मी रिक्षाभाडं आणि पाकीट देतो, पाकीट लहान असतं.

कापाकापी

एकदा आख्खं ऐका, काही न कापता. हातात वही. जिथे तुमचं लक्ष उडालं ती वेळ लिहा. पहिली कात्री तिथे.

पाहुण्याचे ‘म्हणजे’, ‘ते हे’ सगळे काढू नका. ती त्याची लय असते. श्वास तर मुळीच कापू नका, माणूस बुडाल्यासारखा वाटतो. तुमचे ‘हो’, ‘अच्छा’, ‘वा’, ‘बरोबर’ मात्र निर्दयपणे उडवा. वेगळे ट्रॅक घ्यायचे ते यासाठीच. मी पहिल्या भागात चाळीस मिनिटांत किती वेळा ‘क्या बात है’ म्हणालो ते मोजलं होतं, आकडा सांगत नाही.

दोन आवाज डावे-उजवे पसरवू नका. आपला श्रोता लोकलमध्ये एका कानात बुच घालून ऐकतो, दुसरा कान स्टेशनच्या घोषणेसाठी मोकळा. पाहुणा त्याच्या रिकाम्या कानात गेला तर फक्त तुम्हीच ऐकू याल, आणि ते कुणाला नको असतं. दोघंही मधोमध. शेवटची एकूण पातळी मोनो असेल तर उणे १९ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप), स्टीरिओ असेल तर उणे १६. फाइल एमपी३ करा. १२८ केबीपीएसला तासाचे साधारण ५८ एमबी होतात. नुसतं बोलणं असेल तर मोनोत त्याच्या अर्ध्यावरही भागतं.

मग परीक्षा. फाइल फोनवर घ्या आणि ठाण्याहून सीएसएमटीची स्लो पकडा, गर्दीच्या वेळी. कुर्ला-सायनच्या दरम्यान, पंखे घरघरत असताना, प्रत्येक शब्द कळला तर मिक्स झालं. तासाभराच्या त्या प्रवासात तुम्हालाच कंटाळा आला तर भाग लांब झालाय. माझे भाग आता पस्तीस मिनिटांवर थांबतात.

चढवणं

फाइल एका होस्टिंग सेवेवर ठेवायची. ती सेवा तुम्हाला एक फीड देते. त्याला आरएसएस फीड म्हणतात, नागपूरशी संबंध नाही. तो पत्ता स्पॉटिफाय, ॲपल पॉडकास्ट, यूट्यूब यांना एकदा दिला की पुढचे भाग आपोआप सगळीकडे पोहोचतात. स्पॉटिफायची स्वतःची होस्टिंग सेवा फुकट आहे, सुरुवातीला ती पुरते. मुखपृष्ठ चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, आणि त्यावरचं नाव अंगठ्याच्या नखाएवढं झालं तरी वाचता आलं पाहिजे. कीबोर्डच्या पट्ट्यांचं चित्र टाळा, प्रत्येक संगीत क्लासच्या बोर्डावर तेच असतं.

नाव देवनागरीत ठेवा, पण वर्णनात तेच नाव रोमन लिपीतही लिहा, कारण निम्मे लोक मराठी शोधतात ते रोमनमध्ये टाइप करूनच. वर्णनात पाहुण्याच्या बरोबरीच्या वादकांची नावं नीट लिहा, ढोलकी कोणाची, पेटी कोणाची. बहुतेकांची नावं कुठे लिहिली जायची ही पहिलीच वेळ असते. मूळ वेव्ह फाइली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, पैकी एक दुसऱ्याच्या घरी. कुठल्याही ॲपच्या भरवशावर राहू नका. गुगल पॉडकास्ट २०२४ साली बंद झालं, आणि ते काही छोटं दुकान नव्हतं.

पहिल्या आठवड्यात आकडे बघत बसू नका. पाहुण्याला मात्र भाग ऐकवा, आणि तो लिंक पाठवून नव्हे. काकांकडे बटणांचा फोन. मी ब्लूटूथ स्पीकर घेऊन त्यांच्याकडे गेलो. काकूंनी कांदेपोहे केले, शेजारचे दोघं येऊन बसले. काका पूर्ण पस्तीस मिनिटं खिडकीबाहेर बघत ऐकत होते. हॅलोजनची गोष्ट आली तेव्हा काकू म्हणाल्या, ‘हे मला कधी सांगितलं नाहीत.’ संपल्यावर काकांनी बशी खाली ठेवली.

‘चांगलं झालंय,’ म्हणाले. ‘पण तू मध्ये मध्ये फार वाजतोस.’

घरी येऊन पुढच्या भागाची फाइल उघडली आणि माझी अकरा वाक्यं काढली.